मोटर चालू करण्यासाठी एक दाबा

१ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळी ६.४०
नवं वर्ष, नवी वही. आजपासून रोज पाचला उठायचं. (आज साडेसहा झाले, पण गुरुवारी कोण सुरुवात करतं? सोमवारपासून पक्कं.)

आमच्या निरवांगी गावातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास पुढेमागे कुणाला तरी लागेल, म्हणून सुरुवातीपासून लिहून ठेवते. ‘बॅकवॉटर’ म्हणजे मी आणि मेहरीन. संगीत माझं, लॅपटॉपवर, प्रत्येक आवाज स्वतः रेकॉर्ड केलेला. त्या संगीतावर तिथल्या तिथे पडद्यावर हलणारी चित्रं मेहरीनची. ती भिगवणची. तिच्या अब्बांची हायवेला माशांची खानावळ आहे आणि मागच्या दारात उजनी धरणाचं बॅकवॉटर. नाव तिथूनच आलं. बारामतीला बी.एस्सी. कॉम्प्युटरची तीन वर्षं आम्ही एका बाकावर काढली.

मेहरीनला पुण्याच्या एका कंपनीत व्हिडिओ एडिटिंगची नोकरी लागली आहे. २ फेब्रुवारीला हजर व्हायचंय. ती म्हणाली, “पुण्याच्या त्या म्युझिक फेस्टिव्हलला आपली निवड झाली तर नाही जात. नाही झाली तर जाते, लक्ष्मे. मग रडायचं नाही.”
निवड होणारच आहे. त्यामुळे हा विषय संपला.

४ जानेवारी, रविवार
फेस्टिव्हलचे नियम आले. लाईव्ह कार्यक्रमाचा सलग व्हिडिओ, कमीत कमी दहा मिनिटांचा. त्यात दोनशे तरी प्रेक्षक दिसले पाहिजेत. सगळं साहित्य स्वतःचं. शेवटची तारीख २० जानेवारी.

दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. विजेच्या लाईनवरून नाव दिलेला माझा ‘अकरा केव्ही’ हा ट्रॅकच चाळीस मिनिटांचा आहे.

प्रेक्षकांचंही अवघड नाही. लोणी भापकरला डिसेंबरात मोबाईलच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं, तेव्हा साठ लोक होते. अकराव्या मिनिटाला मालक येऊन म्हणाला, “ताई, टेस्टिंग झालं आसंल तर आता पेनड्राईव्ह लावा.” मेहरीन अजून यावर हसते. मी त्याचा शांतपणे विचार केला आहे. त्याला ते टेस्टिंग वाटलं, म्हणजे आवाज तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ होता.

६ जानेवारी, मंगळवार
आज मोठी कल्पना सुचली. आपल्याकडचा सगळ्यात इलेक्ट्रॉनिक आवाज कोणता? मोबाईल स्टार्टरचा!

रानातल्या मोटरला सिमकार्ड घातलेला एक डबा असतो. लाईट आली की तोच फोन करतो (आपण लावला तरी तोच उचलतो) आणि बाई बोलते: “लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.” एक दाबला की मोटर सुरू. मग ती म्हणते, “मोटर चालू झाली आहे. बंद करण्यासाठी दोन दाबा.” तात्या, म्हणजे माझे वडील, गेली चार वर्षं रोज या बाईचं ऐकतात. माझा ट्रॅक त्यांनी आजवर वीस सेकंदांच्या पुढे ऐकलेला नाही.

रेकॉर्डिंगसाठी मेहरीनचा फोन चांगला. पण डबा नोंदवलेल्या नंबरशीच बोलतो. म्हणून तात्यांना मस्का लावून तिचा नंबर त्यात घातला. तात्या म्हणाले, “घाल. पर उगी एक-दोन दाबत बसू नगा. कांद्याची लागण झालीया कालच.”

७ जानेवारी, बुधवार
रेकॉर्डिंग रद्द. स्टार्टरमधली बाई कंपनीची आहे. दुसऱ्याचा आवाज वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या फडातला ऊस मोडून खाणं. (तो मी लहानपणी खाल्लाय. पण कलेत नाही.)

म्हणून तीच वाक्यं माझ्याच आवाजात, अगदी तशीच, बिनभावाची. बेचाळीस टेक. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आगं, कुणाला सांगतीयास एक दाब, एक दाब? ये, हितं पीठ दाब.”
बेचाळिसावा टेक अप्रतिम. मी आणि मशीन यांतला फरक मेहरीनलाही ओळखता आला नाही.

८ जानेवारी, गुरुवार
डीपी जळाली. म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. धाड असा आवाज झाला आणि आमच्या शिवारातल्या सगळ्या मोटरी बंद. तो ‘धाड’ रेकॉर्ड करायचा राहिला याचं फार वाईट वाटतंय.
घरची लाईट दुसऱ्या लाईनवर आहे. लॅपटॉपला अडचण नाही.

सोपान वायरमन येऊन वर बघून गेला. म्हणाला, “दोन दिसांत बसवतो.”

तात्यांच्या वीस गुंठे कांद्याला लागणीनंतरचं दुसरं पाणी द्यायचं राहिलंय. त्यांची चिंता मी समजू शकते. पण मोटरींचा घों-घों थांबल्यामुळे बांधावरच्या टिटवीचं रेकॉर्डिंग काय आलंय! प्रत्येक संकटात संधी असते, असं मी तात्यांना म्हणाले. ते कांद्याकडे बघत होते.

११ जानेवारी, रविवार
सगळं जुळून येतंय.

मेहरीनचे मुजफ्फरमामू इंदापूरला मोटर रिवाइंडिंग करतात, मोबाईल स्टार्टर जोडून विकतात आणि लग्नसराईत एलईडी वॉल भाड्यानं देतात. पौष असल्यामुळे लग्नं नाहीत, वॉल गोडाऊनमध्ये पडून. मामू म्हणाले, “न्या. जनरेटर पण न्या. फक्त वॉलवर हळद उडवू नका, लई चिकटती.”

तारीख: शनिवार १७. संध्याकाळी साडेसात. शाळेचं मैदान. सरपंच द्वारकाबाईंनी परवानगी दिली, पण त्याच मांडवात संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून घ्यायचं या अटीवर. कार्यक्रम झाल्यावर बायकांना वाण. वाण म्हणजे चहाची गाळणी. माझ्या मते गाळणीमुळे कलेचं गांभीर्य कमी होतं. मेहरीन म्हणाली, “गाळणीमुळंच शंभर बाया येतील. गप बस.”

बारामतीहून पोस्टर छापून आणलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा ठिपका, खाली ‘बॅकवॉटर’. तात्यांनी ते हातात धरून बघितलं. मग म्हणाले, “कोण वारलं?”

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. खानावळीच्या मागच्या खोलीत रंगीत तालीम. मेहरीनचं काम बघून मी ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावला. पहाटे बॅकवॉटरवर फ्लेमिंगो उतरतात, ते तिनं दोन हिवाळे शूट केलेत. माझा बेस वाजला की पडद्यावर हजार गुलाबी पंख एकदम उघडतात. बटणावरची तिची बोटं माझ्या ठोक्याच्या आधी हलतात. मी काय वाजवणार ते तिला माझ्या आधी कळतं.
अर्थात माझं संगीत तितकं स्पष्ट आहे, हेही कारण असेल.

थोडा वाद झाला. स्टार्टरचा आवाज नवव्या मिनिटाला येतो. मेहरीनचं म्हणणं, तो शेवटी टाक. “पंख बघायला लोक बसून राहतील गं. ती बाई बोलली की सगळे मोबाईल चाचपतील.” मी म्हणाले, नऊ मिनिटं शांतता साठवायची आणि मग तो आवाज, हाच तर ट्रॅकचा कणा आहे. लोक दचकतील, तेच मला हवंय.
ती म्हणाली, “बरं. आवाज तुझा.” मोठ्या मनाची आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार
गावात प्रचंड उत्सुकता. पारावर आमच्या बांधाशेजारच्या गेणूआबांनी विचारलं, “उद्या नक्की हाय ना?” मी म्हणाले, “नक्की.” ते म्हणाले, “न्हाय, डीपीचं इचारतोय.”
डीपी अजून आलेली नाही. आज नववा दिवस. शेजारच्या शिवारातून पाइप टाकून पाणी आणायला तात्या तीन ठिकाणी गेले, तिन्ही ठिकाणी आपापलंच पुरेना. सोपान म्हणतो, नवीन डीपी गाडीत चढली, शनिवारी संध्याकाळी हमखास बसणार.

मोटरी बंद असल्यामुळे रात्रपाळीचं पाणी कुणालाच धरायचं नाही. सगळे मोकळे आहेत. पण लोक केवळ मोकळे आहेत म्हणून येणार, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

१७ जानेवारी, शनिवार. दुपारी ४
वॉल उभी राहिली. बारा फूट उंच. जनरेटर चालू. तात्या पांढरे कपडे घालून तयार आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत. आईनं मेहरीनची दृष्ट काढली, मग माझी. मेहरीननं कॅमेरा वॉलशेजारी स्टॅन्डवर लावला, प्रेक्षकांकडे तोंड करून. दोनशे डोकी मोजता यायला हवीत. वॉलवरची चित्रं व्हिडिओच्या कोपऱ्यात थेट दिसणार.
आज रात्री सविस्तर लिहीन.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ९
काल रात्री लिहायला जमलं नाही. आता घडलं तसं लिहिते.

साडेसातला मैदान भरलेलं. मी स्वतः मोजले: डावीकडे पुरुष दोनशे बारा, उजवीकडे बायका एकशे चार. मुजफ्फरमामू जनरेटरपाशी.

पहिली नऊ मिनिटं आमच्या आयुष्यातली सर्वोत्तम. टिटवी. मग बेस. मग पंख उघडले आणि सगळ्या मैदानाच्या तोंडून एकच “आऽऽ” निघाला. गेणूआबांनी विडी न ओढता हातात तशीच धरली होती. तात्या पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग शेजारच्याला काहीतरी सांगत होते. ते काय सांगत होते ते मला ओठांवरून कळलं. “माझी हाय.”

नववं मिनिट. सगळे आवाज बंद. मैदानात पूर्ण अंधार. तीन बीप. आणि सहा स्पीकरमधून मी:
“लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.”

पहिले उठले ते तात्या. “आली! आली रं!” म्हणत ते धोतर सावरत रानाकडे पळाले. त्यांच्या मागे गेणूआबा. मग सगळी डावी बाजू. कुणी खिशातला मोबाईल काढून एक दाबतंय, कुणी टॉर्च लावतंय, मोटारसायकली एकदम सुरू झाल्या. खुर्च्या आडव्या. सरपंच असल्या तरी दोन एकर ऊस द्वारकाबाईंचाही आहे, त्याही गेल्या. सोपान वायरमन “आरं, म्या न बसवता आली कशी?” असं ओरडत सगळ्यांच्या पुढे पळत होता. डीपीची गाडी इंदापूरच्याही अलीकडे आलेली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो पळाला. यातच आवाजाची ताकद दिसते.

मी वाजवत राहिले. कलावंतानं थांबायचं नसतं. एकतीस मिनिटं. बायका शेवटपर्यंत बसून होत्या. याचा मला अभिमान आहे. गाळण्या अजून वाटायच्या होत्या, हा योगायोग.

पुरुष तासाभरानं परत आले. काहीजण जे बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. तात्या सगळ्यांत शेवटी आले. दीड किलोमीटर जाऊन, अंधारात स्टार्टरसमोर उभं राहून, चालत. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “लक्ष्मे, त्यो आवाज तुझा व्हता व्हय?” मी हो म्हणाले. “लई खरा वाटला,” म्हणाले आणि न जेवता झोपले.

प्रतिक्रिया म्हणून मी याकडे सकारात्मकच बघते. पण काल रात्री लिहायला जमलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार
डीपी काल बसली. कांदा साधारण निम्मा वाचला.

व्हिडिओ आज पाठवायचा. अडचण अशी: प्रेक्षक दिसतात ते बरोबर नऊ मिनिटं. नियम दहाचा.

मेहरीननं दोन मार्ग सुचवले. एक, व्हिडिओ थोडा हळू करायचा, नऊची दहा होतील, कुणाला कळणार नाही. दोन, पळापळीचा भाग उलटा लावून सुरुवातीला जोडायचा, म्हणजे सगळं गाव आपल्या कार्यक्रमाला धावत येताना दिसेल. तिनं करूनही दाखवलं. अंधारातून दोनशे टॉर्च मैदानाकडे येतात, आडव्या खुर्च्या आपोआप उभ्या राहतात, द्वारकाबाई पाठमोऱ्या पळत येऊन नेमक्या खुर्चीत बसतात. सगळ्यांत शेवटी तात्या, मागे मागे पळत, पहिल्या रांगेत. आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

मग मी नाही म्हणाले. जे घडलं तेच पाठवायचं. घरात मी पहिली शिकलेली. शिकून मी खोटं करायला लागले, तर माझ्या मागं जी शिकेल ती काय शिकेल? चाळीस मिनिटं, जशीच्या तशी.
मेहरीननं उलटा व्हिडिओ बंद केला. म्हणाली, “राजलक्ष्मी, नाही झालं तर मी जाणार आहे, हे ध्यानात आहे ना?” ती मला पूर्ण नावानं कधी हाक मारत नाही.
मी सांगितलं, प्रामाणिकपणा परीक्षकांना नेहमी कळतो. पाठवा बटण तिनंच दाबलं.

२७ जानेवारी, मंगळवार
उत्तर आलं. “पहिली नऊ मिनिटं विलक्षण. तथापि प्रेक्षक कार्यक्रम सोडून जाताना दिसतात. नियमानुसार निवड करता येत नाही.”
‘विलक्षण’ हा शब्द महत्त्वाचा. मेहरीनला फोन करून तो तीनदा वाचून दाखवला. तिनं तीनदा ऐकून घेतला. मग म्हणाली, बॅग भरायला घेतलीय.

१ फेब्रुवारी, रविवार
भिगवण स्टेशनवर गेले होते. निरोप द्यायला नाही, तिची हार्ड डिस्क माझ्याकडे राहिली होती ती द्यायला. ती म्हणाली, “ठेव. पंख तुझ्याकडंच राहू दे.” तिच्या अब्बांनी डब्यात तळलेली चिलापी मासळी दिली होती, गाडी येईपर्यंत आम्ही दोघींनीच संपवली. गाडी आली. खिडकीतून म्हणाली, “रोज फोन कर. पण चाळीस मिनिटं नको.”

ती शुक्रवारपर्यंत कंटाळून परत येईल. सोमवारपासून नवीन ट्रॅक सुरू करते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
ती आली नाही. रविवारी सुट्टी असते, तेव्हा येईल.

मुजफ्फरमामू घरी आले होते. म्हणाले, “त्या दिवशी गाव उठून पळालं ना, तवाच मी म्हणलं, हाच आवाज पायजे. आमच्या डब्यातली बाई जुनी झाली, घरघर करती. माझ्या नवीन स्टार्टरला तू बोल.” मी नम्रपणे नकार दिला. मी कलाकार आहे, डब्यात बसणार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
होकार कळवला. कारण शांतपणे विचार केला: चारशे स्टार्टर, म्हणजे चारशे घरं, दिवसातून दोनदा. फेस्टिव्हलमध्ये तरी इतके श्रोते कुठले? अट एकच घातली, सुरुवातीला चार सेकंद टिटवी. मामूंनी मान्य केलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिला डबा मामूंनी आमच्याच मोटरला बसवला. जुन्यातले सगळे नंबर त्यात घालून दिले. टिटवी काढून टाकली आहे. म्हणाले, “शेतकरी म्हणतील रेंज न्हाय.”

संध्याकाळी तात्यांचा फोन वाजला. माझा आवाज. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. “लाईट आली आ—” तात्यांनी एक दाबला. थोड्या वेळानं, “मोटर चालू झा—” फोन खिशात. पण चेहऱ्यावर समाधान होतं. आईला म्हणाले, “पोरगी कामाला लागली.”

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७
आज दुपारी तात्या जेवून आडवे झाले होते, फोन चार्जिंगला. सव्वातीनला गेणूआबा बांधावरून ओरडले, “आवो, कांदा पोहतुया तुमचा!”

धावत गेलो. मोटर धो-धो चालू. उरलासुरला कांदा पाण्याखाली. तात्या घोटाभर चिखलात उभे राहून मला म्हणाले, तू दाबलास? मी नाही. आई नाही. मामूंना फोन लावला. ते म्हणाले, डबा चुकत नसतो, माणूस चुकतं, फोन कुठल्या नंबरवरून आला ते डब्याच्या स्क्रीनवर बघा. बघितलं. १.१० वाजता. मेहरीन.

तिला कळवलं. तिचा मेसेज आला: “जेवणाची सुट्टी होती. मामू म्हणाले आता डब्यात तूच बोलतेस. तुला लावला असता तर चाळीस मिनिटं गेली असती. म्हणून डब्याला लावला. पुढं काय म्हणतेस ते ऐकायला एक दाबला, दोन दाबायचं राहिलं. तात्यांना सॉरी सांग. आवाज छान आलाय. पण टिटवी हवी होती.”

नोंद ठेवते. बॅकवॉटर, लाईव्ह. २० फेब्रुवारी, दुपारी १.१० ते ३.२०. आवाज माझा, बटण मेहरीनचं, पुण्याहून. दृश्य: वाफ्यावाफ्यातून उन्हात चमकत गेलेलं पाणी. प्रेक्षक: तात्या. शेवटपर्यंत थांबले नाहीत. दोन दाबला.

मेहरीनचा नंबर डब्यातून आजच्या आज काढून टाक, असं त्यांनी बजावून सांगितलंय. काढते म्हणाले.

सोमवारी काढीन.